पडदा, रंगमंच आणि गावाची वहिवाट

(बीड जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकांतून पाणी, रस्ते, शाळाखोल्या आणि आरोग्यकेंद्रे यांचा विचार नित्य होतो आणि तो व्हावयासच हवा. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाण्याच्या आधी दुसऱ्या कशाचे नाव घेणे काहींना धाडसाचे वाटेल. तरीही आज मी जो विषय मांडणार आहे, तो या यादीच्या बाहेरचा नाही असे माझे नम्र म्हणणे आहे. हा विषय म्हणजे आपल्या गावोगावची चित्रपटगृहे आणि नाट्यगृहे, त्यांचे बरे दिवस आणि त्यांच्यावर आलेली अवकळा.

मनोरंजन ही चैनीची बाब आहे, अशी आपली एक सोयीची समजूत असते. परंतु ज्या ठिकाणी शेतकरी, हमाल, मास्तर, व्यापारी, घरची सून आणि शाळेतला पोर हे सारे एका छताखाली अडीच-तीन तास शांतपणे बसतात, अशी ठिकाणे एखाद्या तालुक्यात किती असतात? तेथे बसण्याची जागा तिकिटाच्या दराने ठरते, जन्माने नव्हे. सार्वजनिक जीवनाची ही एक शाळाच आहे. ती बंद पडते तेव्हा मालकाच्या नफ्यातोट्यापलीकडचे काही तरी आपण गमावत असतो.

वास्तूच्या आधीचा रंगमंच

आपल्या जिल्ह्यात नाट्यगृहाच्या इमारती उशिरा आल्या. नाट्य मात्र फार आधीपासून होते. आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांची ही भूमी. कीर्तन, गोंधळ, वासुदेव आणि भारूड ही आमच्या लोकांची नित्याची रंगभूमी होती. देवळाचा ओटा हा रंगमंच आणि पेटती दिवटी हा प्रकाश. परळी वैजनाथची महाशिवरात्र, कपिलधारची कार्तिकी पौर्णिमेची यात्रा, अंबाजोगाईचा मार्गशीर्षातील योगेश्वरीचा उत्सव यांसारख्या निमित्ताने माणसे एकत्र येत आणि कलावंतही तेथेच येत. ही परंपरा किती जिवंत होती याचे एक उदाहरण आपल्या समोर आहे. केज तालुक्यातील दरडवाडीचे श्री. वामन केंद्रे हे भारूड सादर करणाऱ्या घरात वाढले, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले आणि पुढे २०१३ ते २०१८ या काळात त्याच विद्यालयाचे संचालक झाले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दरडवाडीला नाट्यगृह नव्हते, पण नाट्य पाहण्याची व करण्याची वहिवाट होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते १८४३ साली. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात नाटक मंडळ्या व नाटकगृहे वाढत गेली. आपला भाग मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि सार्वजनिक सभा भरविण्यावर ‘गश्ती निशान त्रेपन्न’ या कुप्रसिद्ध फर्मानाने निर्बंध घातले होते. लोकांनी एकत्र जमणे हेच जेथे संशयास्पद, तेथे मराठी नाट्यगृह उभारण्यास पोषक वातावरण कोठून असणार? म्हणून मराठवाड्यात रंगमंदिराची वास्तू ही मुक्तीनंतरच्या पिढ्यांनी कमावलेली वस्तू आहे. तिच्याकडे त्या दृष्टीने पाहावयास हवे.

तंबू आणि टॉकीज

चित्रपट आपल्याकडे आला तो बहुतेक ठिकाणी तंबूतून. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ रोजी लागला. पुढे हे नवे माध्यम खेड्यांपर्यंत पोचविले ते फिरत्या चित्रगृहांनी. जत्रेच्या मैदानात कनात उभी राही, जनित्राचा आवाज सुरू होई, मध्ये दोर बांधून एकीकडे पुरुष आणि एकीकडे स्त्रिया बसत. ‘संत तुकाराम’ हा १९३६ सालचा प्रभातचा चित्रपट अशा तंबूंतून पुढे अनेक वर्षे दाखविला गेला. महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रगृहांचे अखेरचे दिवस ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात नोंदले गेले असून, २०१६ च्या कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेण्यात आली.

तंबूनंतर तालुक्याच्या गावी पक्की टॉकीज आली. तिचा कारभार बाहेरून दिसतो तेवढा सोपा नव्हता. अडीच तासांच्या चित्रपटाची फीत साधारण साडेतेरा हजार फूट लांब भरे. ती अनेक रिळांत, पत्र्याच्या पेट्यांतून येई. परळी हे जुने रेल्वे जंक्शन, परंतु बीड शहरात रेल्वे पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत बीडला या पेट्यांचा प्रवास रस्त्यानेच होणे भाग होते. प्रक्षेपणाच्या खोलीत कार्बनच्या कांड्यांचा प्रखर दिवा जळे आणि ऑपरेटर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर रीळ बदलत असे. गेटकीपर, बुकिंगवाला, पोस्टर चिकटविणारा, बाहेरचा चहावाला, सायकलस्टँड सांभाळणारा अशा कित्येकांची चूल एका पडद्यावर पेटत असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चित्रपट वितरणाच्या धंद्यात देशाचे जे विभाग पाडले गेले, त्यांपैकी एकाचे नाव ‘निजाम’ असे आहे. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला. तरी चित्रपटाच्या व्यापारात आपले जिल्हे हैदराबादकडच्या त्याच विभागात गणले जात राहिले. नकाशावरची सीमा एका रात्रीत बदलते, बाजाराची वाट बदलण्यास पिढ्या लागतात. त्यातच फितीच्या प्रती मोजक्या निघत. त्या आधी मोठ्या शहरांत चालत आणि झिजल्यावर लहान गावांच्या वाट्यास येत.

तरीही लोक येत. पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चाललेला १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’, १९७१ चा ‘सोंगाड्या’, १९७२ चा ‘पिंजरा’ या चित्रपटांनी ग्रामीण मराठी प्रेक्षकाला पडद्यावर आपली भाषा व आपला तमाशा दाखविला. १९७५ सालच्या ‘जय संतोषी माँ’ला तर देशभर अनेक ठिकाणी प्रेक्षक चपला बाहेर काढून आत बसत आणि पडद्यावर नाणी उधळत. स्त्रियांना घराबाहेर पडण्यास देवदर्शन हेच मान्य कारण होते. चित्रपटगृहाने त्यात दुसऱ्या कारणाची भर घातली. हा बदल लहान नव्हे.

शासनानेही या माध्यमाचा उपयोग केला. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे समाचारचित्र मुख्य चित्रपटाआधी दाखविणे परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक असे. धरण, लसीकरण, सुधारित बियाणे यांची चलत्चित्रे आमच्या शेतकऱ्याने प्रथम तेथेच पाहिली. प्रसिद्धी खात्याची गाडी खेड्यात आली की शाळेची भिंत पडदा होई. हे आपण विसरू नये. टॉकीजचा प्रेक्षक आणि विकास कार्याचा श्रोता हे एकच होते.

ओहोटी कशी लागली

मग प्रेक्षक गेला कोठे? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. १९८२ मध्ये दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रक्षेपण व रंगीत चित्र सुरू झाले. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका आली आणि रविवारची सकाळ घराघरांतील संचापुढे जाऊ लागली. त्याच दशकात व्हिडिओ आले, पुढच्या दशकात केबल आली. २००१ मध्ये राज्य शासनाने बहुपडदा संकुलांना करमणूक शुल्कात सवलत दिली. नवी गुंतवणूक त्यामुळे आली, पण ती मुख्यतः मोठ्या शहरांत. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर पेट्यांचा खोळंबा संपला आणि नवा चित्रपट पहिल्याच शुक्रवारी तालुक्यात लागू शकला. दैवदुर्विलास असा की, ज्या विलंबाची तक्रार लहान गावे वर्षानुवर्षे करीत होती तो दूर झाला तोवर चित्रपट प्रेक्षकाच्या हातातील भ्रमणध्वनीवरच येऊन पोचला होता. त्यात मार्च २०२० मध्ये करोनामुळे चित्रपटगृहे बंद झाली. मधल्या काही महिन्यांचा अपवाद सोडता ती राज्यात पुन्हा उघडली २२ ऑक्टोबर २०२१ रोजी. दीड वर्षाच्या खंडात वीजबिल, मालमत्ता कर आणि यंत्रांची गंज मात्र थांबली नव्हती.

आणखी एक कारण आहे. टॉकीज बांधली गेली तेव्हा ती गावाच्या कडेला होती. गाव वाढत गेले आणि तीच जागा भर बाजारात आली. तेथे गाळे काढून भाड्याने देणे हे चित्रपट चालविण्यापेक्षा निर्धास्त उत्पन्न झाले. मालकाला दोष देणे सोपे आहे. परंतु सहाशे खुर्च्यांपुढे वीस प्रेक्षक बसले असता यंत्र, पंखे आणि नोकरवर्ग यांचा खर्च कमी होत नाही, हे गणित कोणालाही चुकविता येत नाही.

चांगल्या चित्रपटाने मात्र हा प्रेक्षक पुन्हा पुन्हा परत आणला आहे. १९९१ चा ‘माहेरची साडी’, २०१६ चा ‘सैराट’ ही त्याची ठळक उदाहरणे. लोक आजही एकत्र बसू इच्छितात. बसावयास जागा आणि निमित्त पाहिजे.

नाट्यगृहाचे दुखणे वेगळे

चित्रपटगृह खाजगी, तर नाट्यगृह बहुधा नगरपरिषदेचे. एकाचा रोजचा गल्ला होता म्हणून ते चालले आणि गल्ला आटला तेव्हा ते थांबले. दुसऱ्याला गल्ला कधीच नव्हता. अनुदानातून इमारत उभी राहते, उद्घाटन होते, आणि पुढे नळ, पंखा, ध्वनिक्षेपक, खुर्चीचे फाटलेले कापड यांची तरतूद कोणत्या शीर्षाखाली करावयाची याचे उत्तर कोणाकडे नसते. परिणामी नाटकासाठी बांधलेल्या मंचावर नाटक सोडून बाकी सारे होऊ लागते.

बीड शहरात नगरपरिषदेचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे. २००९ साली अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बीडला भरले आणि गायक-नट रामदास कामत त्याचे अध्यक्ष होते. त्याआधी १९८३ मध्ये अंबाजोगाईस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले आणि व्यंकटेश माडगूळकर त्याचे अध्यक्ष होते. असे सोहळे गावाला उत्साह देतात, परंतु मांडव उतरला की पुढे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे एक उत्तर अंबाजोगाईनेच दिले आहे. यशवंतराव चव्हाण यांच्या निधनानंतर १९८५ पासून तेथे दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस स्मृती समारोह भरत आला आहे. साहित्य, संगीत आणि शेतीविषयक परिसंवाद यांना त्यात स्थान असते. चार दशके एक कार्यक्रम ठरलेल्या तारखांना होत राहतो तेव्हा श्रोत्यांची एक पिढी तयार होते. संमेलन एकदा येते, तर समारोहाची वाट पाहिली जाते. दोहोंतील फरक हाच माझ्या भाषणाचा गाभा आहे. इमारत निधीने उभी राहते, पण टिकते ती वहिवाटीने.

शेजारी पाहिले तर छत्रपती संभाजीनगरचे महानगरपालिकेचे संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद राहिले आणि नंतर उघडले. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ही तर राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील, १९१५ ची वास्तू. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ती आगीत भस्मसात झाली, तेव्हा कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले. शासनाने तिच्या पुनर्बांधणीचा निर्णय घेतला. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. जुन्या वायरी, बंद दरवाजे आणि अडलेल्या वाटा यांची किंमत किती मोठी असते, हे या घटनांनी दाखवून दिले आहे.

आपल्या जिल्ह्याचे पंचांग

शहरातील नाट्यहंगाम थंडीत रंगतो. स्पर्धा, महोत्सव, व्याख्यानमाला बहुधा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असतात. परंतु दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातील लाखो स्त्री-पुरुष ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. ज्या महिन्यांत आपण रंगमंदिराचे दिवे लावतो, त्या महिन्यांत आपल्या कित्येक वाड्या-तांड्यांच्या घरांना कुलूप असते. मग प्रेक्षक येत नाही म्हणून आपण लोकांच्या अभिरुचीला नावे ठेवतो!

गावजत्रेची जुनी व्यवस्था या बाबतीत आपल्याहून शहाणी होती. चैत्र-वैशाखात कामकरी माणूस घरी असतो, हातात चार पैसे असतात, लग्नसराई असते. म्हणून जत्रा त्याच काळात, तमाशाचे फड त्याच काळात आणि तंबूचा सिनेमाही त्याच काळात. हे पंचांग आपण पुन्हा हाती घेतले पाहिजे. कष्ट करून आलेल्या माणसाचा या सभागृहावरील हक्क इतरांपेक्षा तसूभरही कमी नाही.

काय करता येईल

आता काही सूचना. त्यांतील एकीलाही मोठा निधी लागत नाही.

पहिली सूचना नगरपरिषदांच्या पदाधिकाऱ्यांस. प्रत्येक नाट्यगृहाचा जमाखर्च स्वतंत्र ठेवावा आणि भाड्याच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा त्याच वास्तूच्या देखभालीस राखून ठेवावा. लग्नसमारंभाचा व राजकीय सभेचा दर वेगळा आणि हौशी नाट्यसंस्था व शाळा यांचा दर वेगळा असावा. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह चालू स्थितीत नसेल, तर त्या नाट्यगृहाने निम्मा प्रेक्षक आधीच नाकारला असे समजावे.

दुसरी सूचना अधिकारीवर्गास. चित्रपटगृहाचा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. अग्निशमन, वीज आणि इमारत यांच्या तपासण्या काटेकोर झाल्याच पाहिजेत. परंतु तपासणीचे वेळापत्रक आगाऊ कळविले आणि दाखले एकाच ठिकाणी मिळाले, तर लहान मालकाचे हेलपाटे वाचतील. करमणूक शुल्काची जुनी पद्धत जाऊन १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के झाला आहे. कमी दराच्या तिकिटावर चालणाऱ्या चित्रगृहांना याचा लाभ आहे, पण तो समजावून देणारा कोणी तरी पाहिजे.

तिसरी सूचना गुरुजनांस. राज्य शासनाच्या नाट्यस्पर्धांत बालनाट्याला स्वतंत्र स्थान आहे. स्नेहसंमेलनात चित्रपटगीतावरील नाच बसविणे सोपे, परंतु वर्षातून एक नाटक बसविले तर मुलाला पाठांतर, उच्चार, धीर आणि दुसऱ्याचे ऐकून घेणे या चारही गोष्टी एकाच वेळी मिळतात. त्याचा एक प्रयोग तालुक्याच्या नाट्यगृहात व्हावा. बालचित्रपट सोसायटी, जी २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, मुलांसाठी सकाळच्या वेळी चित्रपटगृहांतून खेळ करीत असे. तालुक्यातील शाळांनी मिळून रिकाम्या सकाळी असा खेळ ठरविला, तर मुलांना चांगला चित्रपट आणि चित्रगृहाला प्रेक्षक मिळेल.

चौथी सूचना पंचायत सदस्यांस. प्रत्येक गावी बंदिस्त नाट्यगृह हवे असा हट्ट नको. शाळेपुढे पक्का ओटा, विजेची सुरक्षित जोडणी, एक चांगला ध्वनिक्षेपक आणि सावलीची झाडे एवढ्यात खुला रंगमंच होतो. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग जगभर नेला आणि पुढे आपल्या माजलगावचे श्री. संदीप पाठक तो करू लागले. एक नट, एक उपरणे आणि ऐकणारी माणसे इतक्या सामग्रीवर हे नाट्य उभे राहते. आपल्या खेड्यांस परवडेल असे ते आहे.

पाचवी सूचना सर्वांस. कार्यक्रमाची वेळ शेवटच्या एसटीशी जुळवून घ्यावी. बाहेरगावच्या प्रेक्षकाला परत जाता येत नसेल, तर तो येणारच नाही. नाट्यगृहाची समिती, शाळा आणि आगारप्रमुख यांनी एकदा एकत्र बसून हे ठरविल्यास पत्रव्यवहाराची गरजही पडणार नाही.

मित्रहो, बंद पडलेली प्रत्येक टॉकीज पुन्हा सुरू होईल अशी आशा मी आपणांस दाखविणार नाही. काहींच्या जागी गाळे उभे राहिले आहेत आणि ते आता हटणार नाहीत. परंतु जी उरली आहेत आणि जी लोकांच्या पैशाने उभी आहेत, त्यांच्याविषयी आपले कर्तव्य संपलेले नाही. येत्या पाडव्याला ऊसतोडीवरून माणसे परत येतील, गाड्यांतून भांडीकुंडी उतरतील, पोरे पुन्हा शाळेत दिसू लागतील. त्या आठवड्यात आपल्या तालुक्याच्या सभागृहात काय होणार आहे, हे आपण आजच ठरवावे आणि त्याची तारीख फळ्यावर लिहून ठेवावी. पुढच्या वर्षीही तीच तारीख ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे.